अंतराळवीराचं हेल्मेट घरी: कागदाचा गोळा, दोन पंखे आणि सोनेरी काच

अंतराळवीराचा वेश करायचा ठरला की पोशाख कसाही जमतो. पांढरा रेनकोट किंवा रंगकामाचा ओव्हरऑल, दंडावर तिरंगा, छातीवर पुठ्ठ्याची पेटी, आणि काम भागतं. सगळ्यांचं अडतं ते हेल्मेटपाशी. बाजारातली खेळणी लहान पडतात, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून केलेलं हेल्मेट लांबूनही खोकंच दिसतं. खरं तर नीट, गोल, डोक्यावर दोन तास सहन होईल असं हेल्मेट घरी बनवता येतं. त्याला थ्रीडी प्रिंटर लागत नाही. कागद, फेविकॉल, पॉवर बँकेवर चालणारे दोन छोटे पंखे आणि तीन आठवड्यांचा धीर एवढं पुरतं. पॉवर बँक घरात असेल तर खर्च साधारण दीड-दोन हजारांत बसतो.

इथे सांगतोय ती प्रतिकृती नासाच्या स्पेसवॉकच्या पोशाखातल्या हेल्मेटची आहे. या पोशाखाला ईएमयू म्हणतात. एप्रिल 1983 मध्ये चॅलेंजर यानातल्या दोघा अंतराळवीरांनी तो घालून पहिला स्पेसवॉक केला. सुनीता विल्यम्स यांनी 9 स्पेसवॉकमध्ये मिळून 62 तास 6 मिनिटं यानाबाहेर काढली, तीही याच पोशाखात. म्हणजे हे हेल्मेट आपल्याकडच्या मुलांनी फोटोंत शेकडो वेळा पाहिलेलं असतं: पांढरं कवच, पुढे सोनेरी काच, दोन्ही बाजूंना दिवे.

आधी खरं हेल्मेट समजून घ्या

खऱ्या हेल्मेटचे दोन भाग असतात. आत पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक घुमट, आणि त्यावर पांढरं कवच. सोनेरी मुलामा दिलेली काच या कवचाला असते, उन्हात खाली ओढायची आणि सावलीत वर सारायची. घुमट मानेपाशी पोशाखाच्या धडाला पक्का जोडलेला असतो. म्हणून हेल्मेट मानेबरोबर वळत नाही, डोकं आतल्या आत वळतं. अंतराळवीराच्या डोक्याला घट्ट असते ती फक्त माइक आणि इअरफोन लावलेली कापडी टोपी.

आपल्यासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. आपलंही हेल्मेट खांद्यांवर बसेल आणि डोक्याला कुठेच टेकणार नाही. आत स्पंज नको, घाम कमी, चष्मा चालतो, केस बसत नाहीत.

दुसरी गोष्ट हवेची. शून्य गुरुत्वात गरम हवा वर जात नाही, त्यामुळे सोडलेला श्वास तोंडापुढेच साचून राहतो. म्हणून खऱ्या हेल्मेटमध्ये हवा मागच्या बाजूने आत येते, डोक्यावरून चेहऱ्यापुढे उतरते आणि श्वास वाहून नेते. आपण जमिनीवर आहोत, पण बंद घुमटात श्वास साचतो तो साचतोच. सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड 4 टक्क्यांच्या आसपास असतो, बाहेरच्या हवेत 0.04 टक्के. माझं या कामातलं सगळ्यात ठाम मत हेच आहे: या हेल्मेटमधली पहिली वीज पंख्याला, उरली तर दिव्यांना. दिवे न लागलेलं हेल्मेट घालून पोरगं गॅदरिंगला मजेत फिरेल. हवा न खेळणारं हेल्मेट पाच मिनिटांत काढावं लागेल, आणि नाही काढलं तर ते धोक्याचं आहे.

डोक्याभोवतीच्या या छोट्या जागेत काहीही गडबड झाली की ती थेट नाकातोंडाशी येते. 16 जुलै 2013 रोजी इटलीचे लुका पार्मितानो स्पेसवॉक करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये पोशाखातलं थंडाव्याचं पाणी शिरलं. सुमारे दीड लिटर पाणी. नाक, डोळे, कान पाण्याने झाकले गेले, आणि ते अंदाजाने चाचपडत यानात परतले. त्यानंतर नासाने हेल्मेटमध्ये मागे पाणी शोषणारं पॅड बसवलं आणि तोंडाजवळ हवा घ्यायची नळी दिली. आपण यातून घ्यायची ती एवढीच काळजी: बॅटरी हेल्मेटच्या आत ठेवायची नाही, आणि हेल्मेट दोन्ही हातांनी एका झटक्यात निघालंच पाहिजे. कुठे खिट्टी नको, कुलूप नको, गाठ नको.

कधी सुरुवात करायची

23 ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो. चंद्रयान-3 चं लँडर 2023 मध्ये याच तारखेला चंद्रावर उतरलं. शाळांमध्ये वेशभूषा, प्रदर्शनं त्या आठवड्यात होतात, आणि तेव्हा आपल्याकडे भर पावसाळा असतो. कागदाचं काम पावसात वाळत नाही. उन्हाळ्यात जो थर सकाळी लावून संध्याकाळी खडखडीत होतो त्याला जुलैत कोकणात किंवा मुंबईत दोन दिवस लागतात. म्हणून ऑगस्टसाठी करायचं असेल तर कवचाचं काम मे महिन्याच्या सुट्टीत उरकून घ्या आणि वायरिंग पावसात करा. डिसेंबर-जानेवारीतल्या गॅदरिंगसाठी दिवाळीची सुट्टी बरोबर पडते.

कवच

साचा म्हणून हवा भरायचा प्लॅस्टिकचा बीच बॉल घ्या. फुगा घेऊ नका, तो पेरूसारखा लांबट होतो आणि दुसऱ्या दिवशी आकसतो. फुटबॉल, बास्केटबॉल दोन्ही लहान पडतात. शिंप्याचा टेप बॉलभोवती गुंडाळून हवा भरत जा. मोठ्या माणसासाठी घेर 100 सेंटिमीटर म्हणजे व्यास सुमारे 32, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी घेर 90 पुरतो. हवा भरायचं बूच खाली येईल असा बॉल एखाद्या पातेल्याच्या तोंडावर ठेवा. तिथे पुढे मानेचं भोक येणार आहे, त्यामुळे बुचाभोवती हाताएवढी जागा कोरीच सोडायची. बॉलवर क्लिंग रॅप गुंडाळा म्हणजे कागद चिकटणार नाही.

कागद दोन प्रकारचा लागेल: वर्तमानपत्र आणि ब्राउन पेपर. एक थर याचा, एक त्याचा. रंग वेगळा असल्याने कुठे थर राहिला ते लगेच दिसतं. तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडा, कात्रीने कापू नका. फाडलेली कड विरळ होते आणि शेजारच्या पट्टीत मुरते. कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही दिसते. दोन भाग फेविकॉल, एक भाग पाणी. मैद्याची खळही चालते, पण पावसात तिला बुरशी धरते. पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालतात. तो विषारी असतो आणि हे नाकातोंडाजवळ राहणारं आहे, तेव्हा इथे मोरचूद नकोच.

रोज दोन थर, असे आठ थर. मानेच्या आणि चेहऱ्याच्या कडा जिथे येतील तिथे आणखी दोन. प्रत्येक वेळी आधीचे थर पूर्ण वाळू द्या, आणि ते वाळले की नाही हे बोटाने नाही, गालाने बघा. कवच गालाला टेकवल्यावर गार लागलं तर आत ओल आहे. कोरडा कागद गार लागत नाही. मग टिचकी मारून पाहा. ओला कागद बद्द वाजतो, सुकलेला टणटण. सीलिंग फॅनखाली वाळवायचं. कडक उन्हात ठेवलं तर बॉलमधली हवा फुगते आणि ओल्या थरांना तडे जातात.

कागदाच्या कामाला कमी समजू नका. पालघर जिल्ह्यात जव्हारकडे बोहाड्याला जे देवादिकांचे मुखवटे नाचवतात, त्यांतले कितीतरी कागदाच्याच लगद्याचे असतात. ते डोक्यावर घेऊन माणसं रात्रभर नाचतात.

आठही थर सुकले की बूच काढून हवा सोडा, बॉल भोकातून बाहेर ओढून घ्या. आता मानेचं भोक: पुढून मागे 25 सेंटिमीटर, आडवं 22. धारदार कटर, आणि मूल करत असेल तर हे काम मोठ्याने करायचं. डोकं कानांना न घासता आत-बाहेर जायला हवं.

चेहऱ्याची खिडकी कापण्याआधी कॉलर तयार करा, कारण कॉलरने डोळ्यांची उंची ठरते. 10 मिलिमीटरच्या ईव्हीए फोमच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवून 5 ते 6 सेंटिमीटर उंचीची रिंग करा. जुनी योगा मॅट ईव्हीएची असेल तर तीही चालते. चिकटवायला रबर सोल्युशन: दोन्ही बाजूंना लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं. खिडक्या उघड्या ठेवा, त्याचा वास डोक्यात जातो. कॉलरच्या खाली दोन्ही खांद्यांवर येतील असे स्पंजचे तुकडे लावा आणि काखेखालून येणाऱ्या इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या वेल्क्रोने अडकवा. वेल्क्रो ओढला की सुटतो, बकल सुटेलच असं नाही.

आता हेल्मेट घालून बघा. टाळूच्या वर निदान दोन सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे. नसेल तर खांद्याचा स्पंज जाड करा. मग घरातल्या कुणाला तरी खांद्यापासून डोळ्यापर्यंतची उंची पट्टीने मोजायला सांगा, ती बाहेरून कवचावर पेन्सिलीने उमटवा. खिडकी त्या रेघेच्या 8 सेंटिमीटर वरपासून 11 सेंटिमीटर खालपर्यंत, आणि रुंदीला कानांच्या जरा पुढेपर्यंत. लहान कापून बघत बघत मोठी करायची. कडांना पट्ट्यांचे दोन थर उलटवून चिकटवा, नाहीतर कागद सुटत राहतो.

लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि शेवटी दिसतं ते नेमकं हेच. भिंतीची सिमेंटवाली पुट्टी इथे वापरू नका, कागद जरा वाकला की तिला चिरा पडतात. खडूची पावडर फेविकॉलमध्ये श्रीखंडाइतकी घट्ट कालवा आणि जुन्या एटीएम कार्डाने पातळ ओढा. पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपर: 120, मग 220, शेवटी 400. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर. रात्री खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कवचाच्या बाजूने, अगदी आडवा धरा. दिवसा सपाट वाटणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकून दाखवतो. तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि सकाळी तेवढंच घासायचं. हे दोनदा केलंत की पांढऱ्या स्प्रे पेंटखाली कागद आहे हे कुणाला सांगावं लागेल. स्प्रेआधी प्राइमरचा एक हात हवा. रंगाचे तीन हलके हात द्या, एका जाड हाताचे ओघळ येतात. आतून मॅट काळा ॲक्रिलिक लावा, म्हणजे आतल्या भिंतीवर उजेड चमकून डोळ्यांना त्रास होणार नाही.

हे कवच कितीही टणक झालं तरी ते वेशाचं आहे. दुचाकीवर घालायच्या हेल्मेटला भारतात आयएस 4151 हे मानक आहे. सोसायटीच्या आवारातसुद्धा हे घालून सायकल किंवा स्कूटर चालवू नका. बाजूचं दिसत नाही, आणि पडल्यावर कागद डोकं वाचवत नाही.

सोनेरी काच

खऱ्या घुमटासारखी पारदर्शक काच पुढे लावायचा मोह टाळा. माझ्या मते घरच्या हेल्मेटला ती नकोच. चेहऱ्यापुढची खिडकी उघडीच राहू द्या आणि फक्त वरची सोनेरी काच करा, तीही खाली ओढल्यावर हनुवटीपाशी तीन-चार सेंटिमीटर फट राहील अशी. दोन मीटरवरून ती फट कुणाला दिसत नाही, आणि श्वासाला मात्र वाट राहते.

अर्ध्या मिलिमीटरची पारदर्शक पेट (पीईटी) प्लॅस्टिकची शीट घ्या. गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात सोनेरी सन कंट्रोल फिल्म मिळते. शीटवर साबणाचं पाणी फवारा, फिल्म पसरा, कार्डाने मधून कडेला पाणी ढकलत जा. फिल्म सपाट शीटवर आधी लावायची, कापायचं नंतर.

सपाट शीट एकाच दिशेने वाकते, गोलासारखी दोन दिशांनी नाही. म्हणून काच जितकी उंच कराल तितकी ती वरच्या आणि खालच्या कडेला कवचापासून सुटी दिसेल. उंची मधोमध 15 सेंटिमीटर ठेवा आणि कानांकडे निमुळती करत न्या. आधी वर्तमानपत्राचा नमुना कापून कवचावर धरून बघा, हवा तसा दुरुस्त करा, मग शीटला हात लावा. वरच्या कडेची फट झाकायला पांढऱ्या फोमची छज्जासारखी पट्टी लावली की खऱ्या हेल्मेटच्या कपाळावरच्या पट्टीचाही भास होतो. कानांजवळ दोन्हीकडे एम4 चा नट-बोल्ट, मध्ये रबरी वॉशर. रबरामुळे काच जिथे सोडाल तिथे थांबते. बोल्टचं टोक आत डोक्याकडे येऊ देऊ नका: बोल्टचं चपटं डोकं आत, नट बाहेर, आणि आतल्या बाजूला फोमचा तुकडा.

सोनेरी काचेतून घरात अंधूक दिसतं. स्टेजवर फोटोपुरती ती खाली घ्यायची, जिना चढता-उतरताना नेहमी वर.

वीज: पंखे आणि दिवे

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. गावात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान नसेल तर ऑनलाइन मागवा. लागणारं असं: 40 मिलिमीटरचे 5 व्होल्टचे दोन डीसी पंखे, पांढरे 5 मिलिमीटरचे 8 एलईडी, 100 ओहमचे 8 रेझिस्टर, एक जुनी यूएसबी केबल, लाल-काळी मल्टिस्ट्रँड वायर, एक स्विच, 1 अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, दोन तारांचा प्लग-सॉकेट कनेक्टर, हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून जोड झाकणारी नळी) आणि 25 वॉटचा सोल्डरिंग आयर्न. मल्टिमीटर साधा असला तरी हवा.

वीज 5 व्होल्टच्या पॉवर बँकेतूनच घ्या. सुट्या लिथियम सेलच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. पॉवर बँकेत शॉर्ट सर्किटपासून बचावाची सोय आतच असते. ती कमरेला किंवा पाठीवरच्या पेटीत राहील. एक बारकी गोष्ट: बऱ्याच पॉवर बँका फार कमी करंट ओढला गेला तर भार नाही असं समजून आपोआप बंद होतात. पंखे चालू असले की ही अडचण येत नाही.

पंखे कवचाच्या मागे, मानेच्या जरा वर, एकमेकांपासून 10 सेंटिमीटरवर. दोन्ही बाहेरची हवा आत ढकलणारे. पंख्याच्या कडेला हवेची दिशा दाखवणारा बाण कोरलेला असतो, तो शोधा. बाहेरून मच्छरदाणीची काळी जाळी लावा, केस आणि बोटं दूर राहतात. पंखा आणि कवच यांच्यामध्ये स्पंजची चौकट ठेवली तर घरघर निम्म्याने कमी होते. आतून जाड कागदाची 4 सेंटिमीटर रुंद, दीड सेंटिमीटर खोल अशी पन्हळ करून ती पंख्यापासून डोक्यावरून कपाळापर्यंत न्या. हवा मानेवर येऊन विरली तर उपयोग नाही. ती कपाळावरून काचेच्या आतल्या बाजूवर उतरली पाहिजे. तशी आली की चेहऱ्याला गार लागतं आणि काचेवर वाफही धरत नाही.

तपासायला हेल्मेट टेबलावर ठेवून पंखे लावा आणि उदबत्तीचा धूर पंख्याच्या जाळीजवळ न्या, कागदाला न टेकवता. धूर कपाळाकडून निघून खिडकीतून बाहेर पडायला हवा. मागेच घोटाळत असेल तर पन्हळीला कुठेतरी फट आहे.

आता दिवे. चित्रपटांतल्या अंतराळवीरांच्या हेल्मेटमध्ये चेहऱ्यावर उजेड टाकणारे दिवे असतात, म्हणून पुष्कळजण आत एलईडी लावतात. ते करू नका. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, बाहेरचं दिसत नाही. खऱ्या हेल्मेटचे दिवे बाहेर असतात, हाताखालच्या कामावर रोखलेले. आपणही दोन्ही कानांजवळ फोमच्या छोट्या पेट्या करून प्रत्येकीत चार एलईडी पुढे रोखून बसवू. त्याच पेट्यांखाली काचेचे नट-बोल्टही झाकले जातात.

पांढऱ्या एलईडीला साधारण 3.1 व्होल्ट लागतात, आपल्याकडे 5 आहेत. उरलेले 1.9 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, आणि 100 ओहममधून 19 मिलिअँपिअर वाहतात. एवढा करंट या एलईडीला योग्य आहे. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. चारांना मिळून एक दिला तर एखादा जास्त करंट ओढतो आणि लवकर जातो. 100 ओहमच्या पट्ट्या तपकिरी, काळी, तपकिरी. एलईडीचा लांब पाय प्लस.

सोल्डर करताना नवख्या हातून नेहमी एकच चूक होते: सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून जोडावर थापायचं. तसा जोड वरून छान दिसतो आणि ओढला की सुटतो. आयर्नचं टोक वायर आणि पाय दोन्हींना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डरची तार जोडाला लावा, आयर्नला नाही. जोड तापलेला असेल तर सोल्डर वितळून तारांच्या पेडांत स्वतःहून शिरतं आणि वरून चकचकीत, किंचित खोलगट दिसतं. मातकट गोळी दिसली तर पुन्हा तापवा. ट्यूब वायरवर आधीच ओवून ठेवायची, जोड झाल्यावर त्यावर सरकवून गरम करायची. धूर सोल्डरमधल्या राळेचा असतो, तो तोंडाकडे घेऊ नका; सोल्डरमध्ये शिसंही असतं, त्यामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवा.

यूएसबी केबल कापली की आत लाल आणि काळी तार मिळते, लाल प्लस. लाल तारेवर आधी फ्यूज, मग स्विच. स्विच दिव्यांच्या फांदीवरच ठेवा. पंखे स्विचशिवाय थेट जोडायचे, म्हणजे केबल लावली की हवा सुरू, चुकून बंद होणारच नाही. कॉलरपाशी प्लग-सॉकेटचा कनेक्टर द्या. हेल्मेट घाईने काढलं किंवा वायर कुठे अडकली तर तो आपोआप सुटला पाहिजे.

हे सगळं आधी टेबलावर पसरून चालवून बघा, मगच कवचात बसवा. लाल आणि काळ्या तारेमध्ये मल्टिमीटरची बीप वाजली तर कुठेतरी शॉर्ट आहे, पॉवर बँक लावू नका. करंटचा हिशेब सोपा आहे: प्रत्येक पंखा त्याच्या लेबलवर लिहिलेला करंट घेतो, बहुधा 0.2 अँपिअरपर्यंत. दोन पंखे 0.4, आठ एलईडी 0.15, म्हणजे 0.6 अँपिअरच्या आत. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत 37 वॉट-तास असतात. थोडी वीज वाया जाते हे धरूनही दहा तासांच्या आसपास चालतं. विमानाने कुठे जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत घ्या, चेक-इनच्या सामानात ती चालत नाही.

आवाज

हेल्मेटच्या आतून बोललेलं बाहेर घुमतं. शिक्षक वर्गात कमरेला लावतात तो माइक-स्पीकरचा छोटा संच इथे उत्तम चालतो. त्याचा डोक्यावर बसणारा माइक कापडी टोपीखाली लपतो आणि खऱ्या अंतराळवीरासारखाच दिसतो. स्पीकर पोटावर, पुढे तोंड करून. छातीवर वर घेतला की शिट्टी वाजू लागते.

अपोलोच्या रेकॉर्डिंगमध्ये बोलण्याच्या आधी आणि नंतर एक बीप ऐकू येते. त्यांना क्विंडार टोन म्हणतात. जमिनीवरच्या केंद्रातून, म्हणजे ह्यूस्टनहून, बोलायचं बटण दाबलं की 2525 हर्ट्झचा आणि सोडलं की 2475 हर्ट्झचा, दोन्ही पाव सेकंदाचे. दूरच्या ट्रान्समीटरना चालू आणि बंद करण्याचा तो इशारा होता. हे जमवायला आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), एक बटण आणि एक पिझो बझर पुरे. आर्डुइनोच्या टोन फंक्शनला पिन, हे आकडे आणि 250 मिलिसेकंद द्यायचे, बटण दाबल्यावर पहिला, सोडल्यावर दुसरा. बझर पॅसिव्ह प्रकारचा मागून घ्या, कारण ॲक्टिव्ह बझर एकच ठरलेला सूर काढतो. बीप अंतराळवीराची नसून जमिनीवरच्या माणसाची, म्हणून ही डबी हेल्मेटमध्ये न बसवता बरोबरच्या भावंडाच्या हातात द्या. तो ह्यूस्टन.

पहिल्यांदा घालताना

ह्यूस्टनचं खरं काम वेगळंच आहे. हेल्मेट घातलेल्याला बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही, म्हणून एक माणूस कायम सोबत हवा. पहिल्यांदा दहा मिनिटंच, बसून. मग चालून. चक्कर, डोकं जड होणं, कोंडल्यासारखं वाटणं, यांपैकी काहीही झालं की तडक काढायचं. बोलता येईना तर दोन्ही हात वर करायचे, अशी खूण आधीच ठरवून ठेवा, आणि हेल्मेट स्वतः काढायचा सराव मुलाकडून चार-पाच वेळा करून घ्या. पंखे बंद पडल्याचं आतल्याला आवाज थांबल्यावर कळतं, पण गर्दीत ते लक्षात येत नाही. सोबतच्याने मधूनमधून मागच्या जाळीवर हात धरून हवा ओढली जातेय का बघावं. दर वीस मिनिटांनी हेल्मेट काढून पाणी प्यायचं. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला हे घालू देऊ नका. त्याला नुसती माइकची टोपी द्या आणि हेल्मेट काखेत धरून फोटो काढा, खरे अंतराळवीरही तसे फोटो काढतात.

काम झालं की पॉवर बँक काढा, आतून कोरड्या फडक्याने घाम पुसा, आणि पंख्याखाली रात्रभर उघडं ठेवा. मग सिलिका जेलच्या चार पुड्यांसकट मोठ्या पिशवीत, मानेचं भोक खाली करून, कपाटाच्या वरच्या फळीवर. सोनेरी काच वर सारून ठेवायची, खाली ओढून ठेवली तर शीटला त्याच जागी पोक येतो.